दोन टनांचा दोर शंभर किलोच्या फांदीला तुटला कसा?

मे महिना लागला की सोसायट्यांमधल्या झाडांची पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होते आणि आमच्या दोर-कप्पीच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. दोराच्या लेबलवर २२ किलोन्यूटन छापलेलं असतं, म्हणजे साधारण २,२०० किलो. मग तुटला कसा? काही जण सरळच म्हणतात, माल खराब दिलात. रोज तेच सांगण्यापेक्षा हे लिहून काढलं.

लेबलवरचा आकडा नवा दोर, बिनगाठीचा, सावकाश ओढून तोडला तेव्हाचा आहे. गाठ मारली की त्यातला तिसरा हिस्सा गेला म्हणून समजा, कधी त्याहूनही जास्त. म्हणून फांदी उतरवताना आम्ही दहावा भागच धरतो, २२० किलो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घात होतो तो ढिलीने.

एक फूट जाडीचा, दीड मीटर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो. तो १ मीटर मोकळा पडला आणि मग दोराने त्याला २० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर दोरावर सरासरी ६०० किलोंचा ताण येतो, क्षणभर त्याहूनही जास्त. दोर ज्या वरच्या कप्पीवरून खाली येतो तिच्यावर दोराच्या दोन्ही बाजूंची ओढ पडते, म्हणजे तिथे जवळजवळ दुप्पट. हे सगळं कप्पीच्या पट्ट्याने आणि पट्टा बांधलेल्या फांदीने पेलायचं. ती गुलमोहराची असली तर विचारूच नका, ठिसूळ लाकूड.

म्हणून कप्पी कापाच्या वर बांधा, दोर ताणून घ्या आणि मगच करवत चालू करा. शेंडा आधीच उतरवला असेल आणि वर बांधायला जागाच नसेल, तर तुकडे लहान करा. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरा घोळ खाली होतो. मागच्या हंगामात एक दोर परत आला, त्याचं वीतभर कव्हर वितळून काचेसारखं चकचकीत आणि काडीसारखं ताठ झालेलं. कप्पी न लावता बेचक्यातूनच घेतला होता. फांदी खालच्या कारवर जाईल या धास्तीने माळ्याने दोर तळहाताला गुंडाळून गच्च धरला. त्याच्या हाताला आठ दिवस पट्टी होती. दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. बुंध्याला दोन-तीन वेढे द्या, फांदीचं वजन आलं की दोर थोडा सरकू द्या आणि हळूहळू थांबवा. पतंगाला ढील देता येते त्याला हे जमतं. बुंध्याची साल सोलायची नसेल तर वेढ्यांसाठी लोखंडी ड्रम आमच्याकडे भाड्याने मिळतो, पट्ट्यासकट.

किलोवर मिळणारी निळी-पिवळी दोरी टेम्पोतला माल बांधायला उत्तम. वेढ्यांवर घासून तापली की ती नायलॉन-पॉलिस्टरच्या कितीतरी आधी वितळते, आणि उन्हात राहून कमजोर होते ते वेगळंच.

नुसता दोर आम्ही भाड्याने देत नाही, कप्पी आणि पट्टा सोबत घ्यावाच लागतो, यावरून कुरकुर होते. कारण वर लिहिलंच आहे. माणसाने चढायचा दोर तर भाड्याने मुळीच नाही, विकतच. आधी तो कुणी कसा वापरला हे कळायला मार्ग नसतो. आणि घेतलात तर त्याने फांद्या उतरवू नका.

महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आणि जवळच्या विजेच्या तारा बंद करून घेणं, ही दोन्ही कामं सामान न्यायच्या आधीची.

हंगामात रविवारी सकाळी दुकानामागे २० किलो वाळूची गोणी काट्याला टांगून दाखवतो. आधी सावकाश, मग फूटभर ढील देऊन. दुसऱ्या वेळी काटा साठच्या पुढे उडतो. फी नाही.

दोर परत करताना झटका बसला असेल तर पावतीवर तेवढं लिहा. त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापत नाही, दोर मात्र तुमच्यासमोर कापतो.