म्हसरूळचा ळ आणि काँगोतलं एक व्यंजन

नाशिकच्या उत्तरेला, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ आहे. परप्रांतातून आलेला माणूस हे नाव घेतो तेव्हा त्याचं बहुधा 'मसरूल' होतं. त्यात त्याचा दोष नाही. जगातल्या बहुतेक भाषांना नसलेले दोन ध्वनी या एका नावात आहेत. 'म्ह' हे जोडाक्षर लिहितात, पण अनेक भाषाशास्त्रज्ञ तो एकच ध्वनी धरतात: आवाज नाकातून जात असतानाच घशातून श्वासही मोकळा सुटतो. आणि 'ळ'साठी जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं, हवा जिभेच्या कडांवरून निसटते. इंग्रजीत 'ळ' नाही, प्रमाण हिंदीतही नाही. आपल्याला मात्र दिवसभरात तो किती वेळा लागतो याची जाणीवही होत नाही.

याहून कितीतरी विरळा असा एक ध्वनी मध्य आफ्रिकेत बोलला जातो. वाचता वाचताच करून बघा. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे ओढून घ्या आणि घशातला आवाज चालू ठेवून ओठ झटक्यानं पुढे सोडा. बाहेर येताना तो दातांना ओझरता लागतो, बस्स, एवढंच. वर्णमालेच्या भाषेत सांगायचं तर उच्चारस्थान 'व'चं आणि उच्चाराची पद्धत 'वडा'तल्या 'ड'ची. 'डबा' म्हणताना जीभ टाळूला क्षणभर टेकून राहते, 'वडा' म्हणताना नुसती आपटून सुटते. तेच आपटणं इथे जिभेऐवजी ओठ करतो. म्हणून याला दंतोष्ठ्य उत्क्षिप्त व्यंजन म्हणता येईल.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या वायव्य भागातल्या मोनो भाषेत हे व्यंजन आहे. चाड, कॅमेरून आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बऱ्याच भाषांत आहे, दक्षिणेकडे झिम्बाब्वेत शोनाच्या बोलींमध्ये आहे. आफ्रिकेबाहेर इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या सिका भाषेत त्याची नोंद झाली आहे. जगात सुमारे 7000 भाषा बोलल्या जातात. त्यांतल्या सत्तरहून थोड्या अधिक भाषांत हा ध्वनी सापडला आहे.

भाषाशास्त्रज्ञ क्लेमंट डोक यांनी शोनाच्या अभ्यासात त्याचं वर्णन 1931 मध्येच केलं होतं. तरीही जगभरच्या भाषांचे उच्चार लिहिण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याला स्वतःचं चिन्ह मिळायला 2005 साल उजाडलं. ही लिपी सांभाळणारी संस्था 1886 पासून काम करते आहे, म्हणजे हा उशीर लहान नाही. हा ध्वनी अनेक भाषांत मुख्यतः अनुकरणवाचक शब्दांत येतो, आपल्या 'सटकन', 'भुर्रकन'सारख्या, आणि अशा शब्दांतले ध्वनी भाषेच्या कडेचे समजून बाजूला ठेवले जातात. मला हे कधीच पटलेलं नाही. 'भुर्रकन' काढून टाकलेली मराठी कोणाची मराठी असेल? केनेथ ओल्सन यांनी मोनोचा बारकाईनं अभ्यास केला आणि तिथे हे व्यंजन साध्या नामांत आणि क्रियापदांतही येतं हे दाखवून दिलं. त्यानंतर चिन्हाची मागणी मान्य झाली. इंग्रजी व्ही, आणि त्याच्या उजव्या टोकाला वळलेला हूक, असं ते चिन्ह आहे.

मग इतका सोपा ध्वनी इतका विरळा का? पाच-दहा वेळा प्रयत्न केला की कोणालाही तो जमतो, तेव्हा अवघडपणा हे कारण नव्हे. नकाशा बघितला तर बरंचसं कळतं. ज्या भाषांत हा ध्वनी आहे त्या एका कुळातल्या नाहीत. चाडिक भाषा वेगळ्या, मध्य सुदानी वेगळ्या, बांटू आणखी वेगळ्या. पण त्यांतल्या बहुतेक एकमेकींच्या शेजारी नांदतात. बाजारहाट, सोयरिकी, दोन-दोन भाषा बोलणारी घरं, यांतून ध्वनी कुळाची हद्द ओलांडतो.

आपल्या 'ळ'चंही तसंच आहे. मराठी, गुजराती, पंजाबी, ओडिया एका कुळातल्या. कन्नड, तमिळ दुसऱ्या. 'ळ' दोन्हीकडे आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत, 'अग्निमीळे'मध्ये, तो ऐकू येतो. नंतरच्या अभिजात संस्कृतानं मात्र तो टाकला.

आणि नाशिक जिल्ह्यातही तो सगळीकडे टिकलेला नाही. मालेगाव, सटाण्याकडे अहिराणी ऐका: 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. ही बोलणाऱ्याची चूक नव्हे, अहिराणीतला तो नियमित बदल आहे, आणि अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शाळेत त्यावरून हटकणं मला अन्यायाचं वाटतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करताना गावोगावची अशी बोलणी ध्वनिमुद्रित केली आहेत. कोणत्या गावापर्यंत 'ळ' चालतो आणि कुठून 'य' सुरू होतो, हे अशा मुद्रणांवरूनच नेमकं सांगता येतं.