सूर्यघर योजना: पॅनेलचा भाव विचारण्याआधी वीजबिलावरचं नाव बघा

छतावर सौर पॅनेल बसवून घरची वीज घरीच तयार करण्यासाठी केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये अनुदान मिळतं. म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार. त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी अनुदान ७८ हजारच. अर्ज ऑनलाइन आहे आणि भरायला सोपा आहे. माणसं अडकतात ती अर्जात नव्हे, वीजबिलावर कुणाचं नाव छापलंय त्यात.

अटी थोड्या आहेत. घर स्वतःचं हवं, छत वापरता येण्यासारखं हवं, वीजजोडणी चालू आणि घरगुती हवी, आणि त्या घरासाठी सौर पॅनेलचं अनुदान आधी घेतलेलं नसावं. खाली दुकान, वर घर आणि दोन्हींना मिळून एकच व्यापारी मीटर असेल, तर अनुदान मिळणार नाही. घरासाठी वेगळी जोडणी आधी घ्यावी लागेल.

आता नावाचं. गावाकडच्या घरांत जोडणी आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात, बिल वेळच्या वेळी भरलं जातं, त्यामुळे ते नाव बदलावं असं कुणाच्या मनातही येत नाही. सूर्यघरचा अर्ज मात्र जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाने होतो आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात जमा होतं. मृत माणसाच्या नावाने अर्ज करता येत नाही. मुलाने आपलं आधार आणि आपलं पासबुक जोडून अर्ज रेटला, तर तो पुढे कुठेतरी अडकतो. अनेकदा तर पॅनेल छतावर चढल्यावर, अनुदान मागण्याच्या पायरीवर.

म्हणून आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. तोही ऑनलाइन होतो. मूळ ग्राहक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, तुमचा मालकी हक्क दाखवणारा कागद (गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स २ म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा. खरी कसोटी या संमतीची. एक भाऊ पुण्यात, बहीण सासरी, चुलत्यांशी बोलणं बंद; आणि कार्यालयात बसलेल्या माणसाला सगळ्यांच्या सह्या हव्यात. एका टेबलावर चालणारा कागद दुसऱ्या टेबलावर चालत नाही, हेही होतं, आणि त्यात सामान्य माणसाचे हेलपाटे विनाकारण वाढतात. म्हणून काय काय लागणार ते पहिल्याच भेटीत लेखी मागून घ्या. थकबाकी असेल तर ती आधी मिटवा.

वडील हयात असतील आणि जोडणी त्यांच्याच नावावर असेल, तर नावबदलाच्या वाटेला जाऊच नका. अर्ज वडिलांच्या नावाने करा, खातंही त्यांचंच द्या. फक्त मोबाइल क्रमांक असा द्या की ओटीपी आला की घरात कुणालातरी तो बघता येईल.

नाव तेच पण लिहिलंय वेगळं, ही दुसरी डोकेदुखी. बिलावर आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव. बाईंच्या बिलावर सासरचं, पासबुकावर माहेरचं. बिल, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती आत्ताच करा, पैसे अडकल्यावर नव्हे.

मग बाकीचं पटकन होतं. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी, राज्य आणि वीजकंपनीची निवड, बिलावरचा ग्राहक क्रमांक (महावितरणचा बारा आकडी असतो), बिलाची प्रत. मुंबईकरांनी वीजकंपनी नीट निवडावी: बेस्ट, अदानी, टाटा वेगवेगळ्या, मुलुंड-भांडुपला मात्र महावितरण. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमबदलाने काढून टाकली आहे. तरीही 'साहेबांची मंजुरी आणून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

आधी अर्ज, मग पॅनेल. हा क्रम उलटा केला की अनुदान धोक्यात येतं. पुरवठादार पोर्टलवर नोंदलेलाच हवा आणि पॅनेल, आतल्या सेलसकट, भारतीय बनावटीची हवीत. या भारतीय बनावटीच्या अटीला 'डीसीआर' म्हणतात; कोटेशनवर 'डीसीआर' असं स्पष्ट लिहून घ्या. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात म्हणून काही जण तीच गळ्यात मारतात, आणि मग अनुदान नाकारलं जातं. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची, क्षमताही बघा. पॅनेल ३ किलोवॅटची आणि इन्व्हर्टर २ किलोवॅटचा असेल, तर अनुदान कमी आकड्यावर, म्हणजे २ किलोवॅटवरच, मोजलं जातं.

अनुदान सगळं झाल्यावर येतं. पॅनेल बसली, नेट मीटर (कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागला, वीजकंपनीने पाहणी करून संच सुरू झाल्याची नोंद केली, की मग बँक तपशील भरायचे. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची आहे. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज बँका देतात, त्याचा अर्ज सरकारच्या जनसमर्थ या कर्जांच्या पोर्टलवरून होतो.

किती किलोवॅट घ्यायचं? एका किलोवॅटपासून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. महिना दीडशे युनिटच्या आत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट पुरे. जास्तीची वीज विकून कमाई होईल या भरवशावर मोठा संच घेऊ नका. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण बिलात भरतो त्याहून बराच कमी असतो. 'मोफत वीज' या नावावर विसंबून शून्य बिलाची वाटही बघू नका. स्थिर आकार येतच राहतो. लाइट गेली की साधा, ग्रिडला म्हणजे वीजकंपनीच्या तारांना जोडलेला संचही बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅटरी हवी असेल तर तिचा खर्च वेगळा.

फ्लॅटधारकांना गच्ची सामायिक असल्याने सोसायटीचा ठराव लागतो. तो मिळत नसेल तर सोसायटीलाच अर्ज करायला लावा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी ५०० किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. त्यासाठी जोडणी सोसायटीच्या नावावर हवी. जुन्या इमारतींत ती अजून बिल्डरच्याच नावावर असते, तेव्हा सभेत विषय मांडण्याआधी सोसायटीचं बिल काढून बघा.