कलम ४१-बिस आणि १९९३ चा नोव्हेंबर

लिंबाच्या बागा, जमीनदारांचे रखवालदार, अमेरिकेची वाट ही सिसिलीच्या माफियाची कुळकथा बहुतेकांना पाठ आहे. इटलीत माफियाच्या कैद्यांवर तुरुंगात लादल्या जाणाऱ्या कडक निर्बंधांवरचा, म्हणजे कलम ४१-बिसवरचा, आजचा वाद कळायला १९९२ पासून सुरुवात केली तरी पुरते.

तोवर सिसिलीतल्या पालेर्मो शहराच्या उच्चार्दोने तुरुंगाला लोक ‘ग्रँड हॉटेल’ म्हणत. आत गेलेला म्होरक्या तिथूनच कारभार हाकायचा. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाखटल्यातल्या, म्हणजे शेकडो माफियांवर एकत्र चाललेल्या खटल्यातल्या, शिक्षा कायम केल्या. मे महिन्यात माफियाने पालेर्मोजवळच्या कापाचीपाशी महामार्गाखाली स्फोटके पेरून, तो खटला उभा करणाऱ्या न्यायाधीशाला उडवले; पत्नी आणि तीन अंगरक्षकही गेले. जूनमध्ये वटहुकूम निघाला आणि तुरुंग कायद्याच्या ४१-बिसला नवे पोटकलम जोडले गेले: न्यायमंत्र्यांच्या आदेशाने ठरावीक कैद्यांवर खास निर्बंध घालता येऊ लागले. जुलैत दुसऱ्या न्यायाधीशाचा बळी पडताच म्होरक्यांची रवानगी पियानोसा आणि असिनारा बेटांवर झाली. नातलगांच्या भेटी तुटपुंज्या, त्याही काचेआडून.

मेख पुढेच आहे. हे आदेश मुदतीचे होते. १९९३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्स, मिलान आणि रोममध्ये बॉम्ब फुटले, आणि नोव्हेंबरात न्यायमंत्र्यांनी तीनशेहून अधिक आदेशांची मुदत वाढवलीच नाही. ते सगळे कैदी माफियाचे नव्हते, हे खरे. प्रत्येक कैद्यासाठी स्वतंत्र कारण द्या, असे घटनात्मक न्यायालयाने जुलैतच बजावले होते, हेही खरे. पण २०१० मध्ये त्याच माजी मंत्र्यांनी संसदीय समितीपुढे सांगितले की निर्णय एकट्याचा होता आणि आणखी रक्तपात टळावा म्हणून घेतला. मग कायद्याचा मुद्दा पुढे करण्यात फारसा अर्थ उरत नाही. सरकारी वकिलांना यात राज्यसंस्था आणि माफिया यांच्यातला सौदा दिसला: बॉम्ब थांबवा, निर्बंध सैल करतो. या सौद्याच्या खटल्यात २०१८ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, २०२१ मध्ये अपिलात ते सुटले आणि २०२३ मध्ये सुटकेवर शिक्कामोर्तब झाले. सौदा कोर्टात टिकला नाही. बॉम्ब फोडले की सरकार नमते, हा समज मात्र त्या नोव्हेंबरने पक्का केला असणार.

२००२ मध्ये ४१-बिस कायमस्वरूपी झाले. त्यानंतरची भांडणे बारीकसारीक गोष्टींवरची: कोठडीत स्वतः रांधायला असलेली बंदी २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने उठवली. त्याच वर्षी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इटलीला फटकारले, कारण बुद्धिभ्रंश झालेल्या, मरणाच्या दारातल्या म्होरक्यावरही निर्बंध लांबवले होते. २०२२ च्या अखेरीस उपोषणाला बसलेला कैदी तर माफियाचा नव्हताच. तो अराजकवादी होता, आणि हे कलम त्यालाही लागू झाले होते.