रिअ‍ॅक्शन आली, पण किती वेळाने?

आमच्याकडे कोकणात औषध घेतल्यावर अंगावर काहीही उठलं की एकच बोलणं, रिअ‍ॅक्शन आली. मग कोणी आमसूल भिजवून ते पाणी चोळतं, कोणी ती गोळी शेजारणीला देऊन टाकतं (हे तर करूच नका). पण हे सगळं एकाच जातीचं नसतं, आणि कुठलं ते ओळखायचं तर आधी विचारा, औषध घेतल्यावर किती वेळाने उठलं?

काही मिनिटांत किंवा तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, तर ती आयजीई नावाच्या अँटीबॉडीची करामत. या अँटीबॉडी कातडीत वगैरे असलेल्या मास्ट नावाच्या पेशींवर बसलेल्या असतात, औषध भेटलं की पेशी खाज-सूज आणणारं हिस्टामिन बाहेर सोडतात. आमसुलाने खाज थोडी थंडावेल, पण घसा आवळायला लागला, चक्कर आली तर ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, तेही मांडीत आणि लगेच. "मागे हीच गोळी घेतली तेव्हा तर काही झालं नाही" असं लोक म्हणतात ना, ते बरोबरच आहे, कारण या प्रकारात आधीच्या खेपेला शरीर नुसतं ओळख करून घेतं.

फुरसं चावल्यावर देतात त्या लसीची (म्हणजे प्रतिविषाची) गंमत मात्र वेगळी. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीपासून ती बनते, म्हणजे प्रथिनं घोड्याची, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा घेतली तरी लगेच रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून डॉक्टर ॲड्रेनालिन भरून जवळ ठेवतात. येईल म्हणून लस टाळायची नसते हं, विष जास्त वाईट. आणि पेशंट घरी येऊन कामाला लागतो न लागतो तोच पाच ते चौदा दिवसांत ताप, सांधे ठणकतात, परत गांधी! घरच्यांना वाटतं विष उलटलं. तसं नसतं, आपल्या अँटीबॉडी आणि घोड्याची प्रथिनं यांचे गोळे बारीक रक्तवाहिन्यांत, सांध्यांत अडकतात. याला सीरम सिकनेस म्हणतात, व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्ये घटसर्पावर घोड्याच्या रक्तातल्या अँटीबॉडीचं औषध (सीरम) दिलेल्या मुलांवरून हे लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी पिर्केने ॲलर्जी हा शब्द काढला.

दर वेळी ओठावर किंवा हातावर त्याच जागी काळा डाग उठतो तोही औषधाचाच, सल्फा किंवा अंगदुखीच्या गोळ्यांचा बहुतेक. टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या जागी मुक्काम ठोकून बसलेल्या असतात. डाग महिनोन् महिने जात नाही.

याच टी पेशींचा भयंकर प्रकार म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन. फिट्सच्या काही गोळ्या, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फा, हे सुरू करून एक ते चार आठवडे झाले, कधी त्याहूनही जास्त, आणि ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखते नि सुटते, तर गोळी बंद करून त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, उद्यावर ढकलू नका.

आणि भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) डॉक्सीसायक्लिन घेऊन चेहरा, हात भाजल्यासारखे झाले तर ती बहुतेक ॲलर्जी नसतेच. औषध कातडीत असतं, त्यावर ऊन पडलं की ते पेशी जाळतं, झाकलेला भाग शाबूत राहतो. पावसाळ्यात मध्येच कडक ऊन पडतं त्या दिवशी फुल बाह्यांचा शर्ट आणि इरलं, बस.