खुलासा: ब्रिटनमध्ये पाहुण्यांवर ‘सगळे उपचार फुकट’ होत नाहीत

मुलगा लंडनला नोकरी करतो, कर भरतो, म्हणजे त्याच्याकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांवर एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) मोफत उपचार होतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

एनएचएसचा हक्क तिथल्या कायदेशीर, स्थिर वास्तव्यावर ठरतो. मुलाने भरलेला कर आई-वडिलांच्या कामी येत नाही. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करणारे बहुतेक जण एनएचएस वापरता यावी म्हणून आरोग्य अधिभार आधीच भरतात: २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांसाठी ७७६. व्हिजिटर व्हिसावर हा अधिभार नाही, म्हणून ते संरक्षणही नाही.

गोंधळ होतो तो अपघात विभागामुळे. इंग्लंडमध्ये तिथली तपासणी आणि उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात. पण डॉक्टरांनी वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं, आणि तेही एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, हे मात्र नक्की. बिल नंतर येतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम दोन महिने थकली, तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. स्कॉटलंड, वेल्सचे नियम थोडे वेगळे आहेत.

तेव्हा निघण्यापूर्वी प्रवास विमा घ्याच. बीपी, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी, काहीही लपवू नका. आधीपासूनच्या आजारांना पॉलिसीत संरक्षण आहे का, हे लेखी विचारून घ्या. बरेच दावे तिथेच फेटाळले जातात.