मुखशुष्कता आणि अँटिऑक्सिडंट पूरके
तोंड वारंवार कोरडे पडत असल्यास लाळग्रंथींना साहाय्यक म्हणून घेतली जाणारी ऑक्सिडीकरणरोधक पोषक पूरके. यांत मुख्यतः को-एन्झाइम क्यू१०, क आणि ई जीवनसत्त्वे, अल्फा-लिपोइक आम्ल व हिरव्या चहातील पॉलिफेनॉले येतात.

तोंड कोरडे वाटणे ही रुग्णाची जाणीव, तर लाळ कमी स्रवणे ही मोजता येणारी स्थिती. दोन्ही नेहमी एकत्र आढळतातच असे नाही. स्वस्थ बसलेल्या निरोगी व्यक्तीची लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलि. स्रवते, हे प्रमाण ०.१ मिलि.पर्यंत घसरले, की लाळस्राव अपुरा मानतात. ॲलर्जी, नैराश्य किंवा रक्तदाबावरील काही औषधे, श्योग्रेन विकार (शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लाळ व अश्रुग्रंथींवर हल्ला करते तो आजार), मधुमेह आणि डोके-मानेच्या कर्करोगावरील किरणोपचार ही त्याची प्रमुख कारणे होत.

लाळ तयार करणाऱ्या पेशींना भरपूर ऊर्जा लागते आणि ती पुरवणाऱ्या तंतुकणिकांतच (पेशीतील ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, मायटोकाँड्रिया) मुक्त मूलकेही, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणूही, निर्माण होतात; ऑक्सिडीकरणरोधके त्यांना निष्प्रभ करतात. क्यू१० हा त्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीतील घटक असल्याने पूरकांमध्ये त्याची बाजू तर्काच्या दृष्टीने सर्वांत भक्कम ठरते. जपानमधील एका लहान चाचणीत रोज १०० मिग्रॅ. क्यू१० घेणाऱ्यांचा लाळस्राव वाढल्याचे दिसले. मात्र एवढ्या पुराव्यावर सरसकट शिफारस करता येत नाही. औषधामुळे लाळ आटली असेल, तर मज्जातंतूंकडून ग्रंथीला मिळणारा संदेशच अडलेला असतो. तेथे मुक्त मूलके आवरून फारसे काही साधण्याची शक्यता नाही.

किरणोपचारात मात्र मुक्त मूलकांमुळे होणारी हानी प्रत्यक्ष असते. अमेरिकेत १९९९ मध्ये याच कारणासाठी मान्यता मिळालेले ॲमिफॉस्टिन मुक्त मूलके टिपते, पण ते शिरेतून द्यावयाचे औषध आहे, आहारपूरक नव्हे. पूरकांचा अनुभव याहून वेगळा आहे. कॅनडातील ५४० रुग्णांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन एकत्र घेणाऱ्यांना किरणोपचाराचे तीव्र दुष्परिणाम कमी जाणवले, परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूरके घेण्याच्या काळात ई जीवनसत्त्वाच्या गटात कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे व नवा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण अधिक होते. ग्रंथीला मिळणारे संरक्षण अर्बुदालाही (कर्करोगाच्या गाठीलाही) मिळू शकते, ही शंका त्यामुळे बळावली. म्हणून उपचार चालू असताना अशी पूरके कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने वाढू शकतो, तर क्यू१०मुळे घटू शकतो. क जीवनसत्त्वाच्या चघळण्याच्या गोळ्या आम्लयुक्त असतात. लाळेचे संरक्षण उणावलेल्या तोंडात त्यांनी दातांचे एनॅमल झिजते.