दत्तक आणलेला पोपट पिसे उपटू लागला तर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दादरच्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांच्या दुकानात एक प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा छापूनच ठेवावे असे आम्हांला वाटले. परदेशी निघालेल्या किंवा वयोमानामुळे पक्षी सांभाळणे न जमणाऱ्या कुणाकडून तरी आपण आफ्रिकन ग्रे, कोनूर किंवा कॉकाटील जातीचा पोपट घरी आणलेला असतो. आठ-दहा दिवसांत पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये पिसे दिसू लागतात, छातीवरची पांढरी लव उघडी पडते, आणि आपण पिसे उपटणे थांबवणारा स्प्रे मागायला येता. असा स्प्रे आम्ही ठेवत नाही. कडू चवीने पक्ष्याची चोच काही दिवस थांबेलही, परंतु ती ज्या कारणाने पिसांकडे वळली ते कारण तसेच राहते.

आधी पक्षी खरोखर पिसे उपटतो आहे का, हे पाहावे. पिसे ठरावीक काळाने आपोआप झडतात आणि त्या जागी नव्या पिसांचे टोकदार कोंब फुटतात. अशा वेळी पक्षी थोडा विस्कटलेला दिसतो, पण कातडी सहसा उघडी पडत नाही. उपटण्याची खूण म्हणजे छाती, मांड्या किंवा पंखांच्या आतली बाजू बोडकी आणि डोके मात्र शाबूत, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत पोपटाची चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसे गेली असतील तर सोबतचा दुसरा पक्षी ती उपटत असतो किंवा आजार असतो. अशा पक्ष्याला घरातल्या इतर पक्ष्यांपासून त्याच दिवशी वेगळे ठेवावे.

यानंतरची पायरी आमच्या दुकानाची नाही, डॉक्टरांची आहे. यकृताचा विकार, कातडीचा संसर्ग, कॉकाटीलमध्ये आढळणारे जिआर्डियासारखे परजीवी, जस्त किंवा शिसे पोटात जाणे, निव्वळ बियांवर वाढल्यामुळे झालेली अ जीवनसत्त्वाची कमतरता, वेडेवाकडे कापल्याने अंगाला टोचणारे पंख, अशी अनेक कारणे बाहेरून अगदी सारखीच दिसतात. म्हणून पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे पहिल्याच आठवड्यात जावे. असे डॉक्टर माहीत नसतील तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चौकशीची सुरुवात करता येईल. डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय आम्ही खाद्य किंवा पिंजरा सुचवत नाही. काही ग्राहकांना ही अडवणूक वाटते, परंतु आजारी पक्ष्यासाठी खेळणी विकून आपले पंधरा दिवस वाया घालवणे आम्हांला पटत नाही.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक प्रामुख्याने लिहिले आहे, तिच्याविषयी. नवा पोपट घरी आला की माणसे मायेपोटीच सगळे एकदम बदलतात. मुलुंडच्या एका कुटुंबाने गेल्या पावसाळ्यात नातेवाइकांकडून 11 वर्षांचा ग्रे आणला. त्याच दिवशी त्याला दुप्पट मोठ्या पिंजऱ्यात हलवले, सूर्यफुलाच्या बिया बंद करून पेलेट, म्हणजे तयार गोळ्यांचे खाद्य, सुरू केले, आणि हवा लागावी म्हणून पिंजरा गॅलरीत ठेवला, जिथे समोरच्या छज्ज्यावर दिवसभर कावळे बसत. नवव्या दिवशी छाती उघडी पडली. मग पेलेटचा ब्रँड बदलला, पिंजरा बेडरूममध्ये गेला आणि कुणीतरी सांगितले म्हणून खोबरेल तेलही लावून झाले. तीन आठवड्यांनी ते आमच्याकडे आले तेव्हा त्या पक्ष्याला नेमका कशाचा त्रास होत होता, हे कुणालाही सांगता येत नव्हते, आम्हांलाही नाही.

सुदैवाने त्याचा जुना पिंजरा भंगारात जाण्यासाठी इमारतीच्या गच्चीवर पडून होता. त्यातली बसायची दांडी आम्ही मागवली. अंगठ्याहून थोडी जाड, पेरूच्या लाकडाची, मधोमध झिजून गुळगुळीत आणि काळपट झालेली, आणि एका टोकाला वर्षानुवर्षे चोच घासून पडलेली खाच. ती धुऊन, वाळवून नव्या पिंजऱ्यात वरच्या कोपऱ्यात बसवली. त्या संध्याकाळी तो पक्षी तिच्यावर जाऊन बसला आणि एक पाय पोटात घेऊन डोळे मिटले, असे त्या घरच्या आजींनी फोन करून कळवले. दांडीने तो बरा झाला, असा आमचा दावा नाही. डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या, जुने खाद्य पुन्हा सुरू झाले, पिंजरा हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून ठेवला गेला आणि तिथून पुढे एका वेळी एकच बदल करण्यात आला. दिवाळीपर्यंत छाती भरली होती. मांड्यांवर मात्र अजून लवच आहे.

म्हणून आमचा नियम असा आहे की दत्तक पक्षी घरी आल्यापासून पहिले 30 दिवस आम्ही त्याच्यासाठी नवा पिंजरा विकत नाही. पिंजरे बनवणे हाच आमचा मुख्य धंदा असल्याने या नियमाचा तोटा आम्हांलाच आहे, हे आपण लक्षात घ्यावे. जुन्या मालकाकडून पिंजरा, दांड्या, वाट्या, खाद्याचे पाकीट, त्याच्या ओळखीचे शब्द आणि झोपायची वेळ हे सगळे मागून घ्यावे. अपवाद एकच: पिंजऱ्याचा रंग सोलवटत असेल, गंज किंवा जस्ताचे पोपडे निघत असतील किंवा पक्ष्याला आत पंखही उघडता येत नसतील, तर आम्ही थांबा म्हणणार नाही. अशा वेळी नवा पिंजरा जुन्याला लागून, दारासमोर दार येईल असा ठेवावा, जुन्या दांड्या आणि वाट्या नव्यात लावाव्यात आणि पक्ष्याला आपल्या मनाने आत जाऊ द्यावे.

खाद्यातला बदल आवश्यक असला तरी तो काही आठवड्यांत, थोडा थोडा करावा. फक्त सूर्यफुलाच्या बिया हे पूर्ण अन्न नव्हे. लाल भोपळा, गाजर, रताळे, शेवग्याचा पाला, मेथी यांतून अ जीवनसत्त्वाची भर पडते. परंतु ओळखीचे दाणे अचानक बंद केले तर हट्टी पक्षी उपाशी राहतो, आणि पिसे फुगवून बसलेला असल्यामुळे तो वाळत चालल्याचे दिसतही नाही. रोज सकाळी, खाण्यापूर्वी, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे. ग्रेचे वजन साधारणपणे 400 ते 500 ग्रॅम असते. 450 ग्रॅमचा पक्षी 405 वर आला तर दहा टक्के वजन गेले, म्हणजे बदल थांबवून डॉक्टरांना गाठायचे. अॅव्होकाडो, चॉकलेट आणि खारट फरसाण कधीही देऊ नये. पावसाळ्यात शेंगदाण्यांना बुरशी लागते, ते त्या चार महिन्यांत न दिलेलेच बरे.

झोपेकडे आपल्या शहरात फार दुर्लक्ष होते. पोपटाला रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. वन रूम किचनमध्ये रात्री बारापर्यंत टीव्ही चालू असेल तर पिंजऱ्यावर चादर टाकून प्रकाश अडतो, आवाज अडत नाही. उदबत्ती, धूप, कापूर आणि मच्छर कॉइल यांचा धूर पक्ष्याच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ तर काही मिनिटांत जीव घेते. म्हणून पिंजरा स्वयंपाकघराजवळ ठेवू नये.

पोपटाच्या चोचीला काम हवे, ही गोष्ट आमच्या मते सर्वांत कमी जाणली जाते. जंगलातला पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात आणि सोलण्यात घालवतो. आपल्या घरी वाटीतले दाणे वीस मिनिटांत संपतात आणि उरलेला दिवस चोचीसमोर स्वतःची पिसेच असतात. यासाठी महाग खेळणी लागत नाहीत. पळसाच्या पानांचा साधा द्रोण घ्यावा, त्यात अक्रोडाचे तीन तुकडे ठेवावेत आणि पहिल्या दिवशी तो उघडाच द्यावा. दुसऱ्या दिवशी कडा अर्ध्या दुमडाव्यात, आणि चार-पाच दिवसांनी पूर्ण मिटून पानाच्याच देठाने बांधावा. पान फाडण्याचा तो करकर आवाज सुरू झाला की पक्षी कामाला लागला असे समजावे. मक्याच्या कणसाची साले, धुतलेली करवंटी, पेरूची सालीसकट फांदी हेही चालते. आमच्याकडे प्लास्टिकचा थर नसलेले द्रोण आणि उकळून वाळवलेल्या पेरूच्या फांद्या मिळतात, परंतु पूजासाहित्याच्या दुकानातला साधा द्रोणही तितकाच चांगला.

पक्षी पिसे ओढताना दिसला की ओरडू नये, धावत जवळही जाऊ नये. एकट्या पडलेल्या पक्ष्याला ओरडणेही सोबतच वाटते, आणि पीस ओढले की माणूस येतो हे तो दोन दिवसांत शिकतो. उलट तो शांतपणे द्रोण फाडत असेल तेव्हा जवळ जाऊन बोलावे. तेल, हळद, कडुनिंबाचा अर्क यांपैकी काहीही अंगाला लावू नये. तेलाने पिसे चिकटतात, अंगाची ऊब जाते, आणि चोचीने साफ करताना ते पोटात जाते. सकाळच्या वेळी साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरेसा आहे. गळ्यात घालायची कॉलर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मागू नये. नव्या कोंबातून रक्त येत असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

किती दिवस लागतील, असेही नेहमी विचारले जाते. मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा फुटू लागते, मात्र अर्धवट कुरतडलेल्या पिसाचा खुंट पुढच्या वेळी पिसे झडेपर्यंत तसाच राहतो, म्हणजे जवळजवळ वर्षभरही. ज्या पक्ष्याने वर्षानुवर्षे एकाच जागची पिसे उपटली आहेत, त्याच्या त्या जागी पुन्हा पिसे येतीलच असे नाही. तसा पक्षी बोडक्या छातीनेही आनंदात राहू शकतो.

कायद्याविषयीही स्पष्ट लिहितो. आपला हिरवा कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात पाळणे गुन्हा आहे, आणि त्यांच्यासाठी आम्ही पिंजरा विकत नाही. असा पक्षी हाती आल्यास वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवावे. साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या विदेशी पक्ष्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, म्हणून दत्तक घेतानाच जुन्या मालकाकडून नोंदणीचे कागद घ्यावेत. ग्रेच्या बाबतीत तर विसरूच नये, कारण 2017 पासून तो त्या करारातल्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे.

दुकानात येताना कृपया पक्षी आणू नये. लोकलच्या गर्दीने त्याची घालमेल होते, आणि पिसांच्या धुळीतून पसरणारे काही विषाणू आमच्याकडे सांभाळायला ठेवलेल्या इतरांच्या पक्ष्यांना लागू शकतात. त्याऐवजी डॉक्टरांचा कागद, सात दिवसांच्या वजनाची आणि झोपेची नोंद, पिंजरा खोलीत कुठे आहे हे दाखवणारे दोन फोटो आणि ट्रेमध्ये पडलेली चार-पाच पिसे बंद पिशवीत आणावीत. पीस मुळासकट निघाले आहे की कुरतडलेले आहे, हे आम्ही ते पाहून सांगू शकतो. या अर्ध्या तासाचे आम्ही पैसे घेत नाही. शनिवारी गर्दी असते, तेव्हा शक्यतो मधल्या वारी दुपारी यावे.